पायी येणाऱ्यांचा भाव

"सर, एकाच तेलाच्या पुड्याचे दोन भाव कसे काय?"

आचलनं हे विचारलं तेव्हा शाळेचा अर्धा हॉल पेंगत होता. चोवीस डिसेंबर, ग्राहक दिन. फळ्यावर रंगीत खडूनं तराजू काढलेला, टेबलावर हार, हारामागं पाहुणे. पाहुणे म्हणजे प्रफुल्लभाऊ, पुलगावच्या स्टेशन रोडवरच्या दाणेदार मार्टचे मालक. ग्राहक राजा असतो हे त्यांनी चार वेळा सांगून झालं होतं, आणि "कोणाला काही प्रश्न?" असं रीतीपुरतं विचारून ते उठायच्या बेतात होते. कारण या शाळेत पाहुण्याला कोणी प्रश्न विचारत नसे.

पण दहावीच्या तिसऱ्या बाकावर सपना आणि मेघा बसल्या होत्या. विचारलास तर तर्री-पोहे आमच्याकडून, नाही विचारलास तर वक्तृत्वाचं बक्षीस परत दे, अशी त्यांची पैज. गेल्या वर्षापर्यंत आचल 'हजर' सुद्धा पुढच्या बाकाला ऐकू जाईल एवढंच म्हणायची. ऑगस्टमध्ये वक्तृत्वात तिचा पहिला नंबर आला आणि पंधरा दिवस कोरड्या असलेल्या नळाला पाणी यावं तसा तिला आवाज आला. तेव्हापासून तो बंदच होईना.

प्रश्न तसा मधल्या सुट्टीतला होता. मेघाच्या पुस्तकात खूण म्हणून दाणेदारचं बिल खोचलेलं होतं. मेघा रेल्वे कॉर्टरमध्ये राहायची. आचलच्या कंपासपेटीतही दाणेदारचंच बिल निघालं, मागं तिच्या आईची यादी असलेलं. तारीख एक, पुडा एक. मेघाकडं एकशे एकेचाळीस रुपये, आचलकडं एकशे साठ.

प्रफुल्लभाऊ हसले. "छान. असे विद्यार्थी पाहिजेत. बेटा, भाव एकच असतो, पुड्यावर छापलेला. ज्याच्याकडे कुपन, त्याला सूट. नियम सगळ्यांना सारखा."

"पण सर, कुपन आमच्या नाचणगावात येतच नाही. फक्त कॉर्टरमध्ये येते."

हॉल जागा झाला. सपनानं तिच्या ओढणीचं टोक धरून खाली ओढलं, पण आचल बसली नाही.

"नाव काय तुझं?"

"आचल श्रावण थूल."

"श्रावण? आपल्या गोदामातला?" प्रफुल्लभाऊंनी मुख्याध्यापकांकडं पाहून मान हलवली. "अरे, मग घरचा प्रश्न घरीच विचारायचा ना. कुपन तर तुझा बापच वाटतो."

सगळा हॉल हसला. मुख्याध्यापक हसले, हार घालायला आलेली पाचवीतली पोरगीही हसली. आचल खाली बसली. तर्री-पोहे मिळाले, पण तर्रीची चव काही तिला लागली नाही.

*

श्रावण संध्याकाळी आला आणि शर्ट काढून भिंतीला पाठ लावून बसला. अकरा वर्षं पन्नास किलोची पोती वाहून त्याच्या डाव्या खांद्यावर सुपारीएवढी गाठ आली होती. थंडी पडली की ती गाठ ठणकायची. त्याच्या बायकोनं, छायानं, तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि त्याच्या खांद्यावर ठेवलं. तिची स्वतःची बोटं कपाशीच्या बोंडांनी फाटलेली. वाळल्या बोंडाचं टोक सुईसारखं असतं. नखाच्या कडेला शिरलं की रात्रभर ठसठसतं.

"तू शायेत काय बोलली?" श्रावणनं विचारलं.

"तुमाले कोणं सांगतलं?"

"सेठनं. गोदामात येऊन. हसून राह्यले होते."

"काय बोलली वं?" छायाचा हात खांद्यावरच थांबला.

आचलनं सांगितलं. छायानं मिठाची पुरचुंडी पलटवली.

"बाबा, कुपन तुमीच वाटता ना? मंग आपल्या गावात काऊन नाई वाटत?"

"मले सांगतात तिथी वाटतो. कॉर्टरच्या बाजूनं दुसरं दुकान उघडलं. तिकडचे लोक आपलं दुकान सोडून तिथी पयाले लागले, म्हणून त्याइले कुपन."

"आन् आपण?"

"आपण कुठी पयतो." श्रावणनं डोळे मिटले. मग म्हणाला, "रविवारी तुले बोलावलं हाय सेठनं. बस म्हणतीन त बसजो नको. उभीच राहजो."

*

प्रफुल्लभाऊ बस म्हणाले आणि आचल बसली. गोल फिरणारी खुर्ची होती. बाप दाराशी हात मागं बांधून उभा होता, तिला उभं राहणं आठवायच्या आत ती बसून गेली होती.

"श्रावण, दोन चहा सांग. एक काम कर, तूच घेऊन ये."

श्रावण चहा घेऊन आला. एक कप मालकापुढं ठेवला, एक पोरीपुढं. ठेवताना त्यानं बशीतला सांडलेला चहा अंगठ्यानं पुसला. आचलनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"तुझा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला," प्रफुल्लभाऊ म्हणाले. "नाचणगावात कुपन का नाही? बरोबर आहे. पण मला गाव माहीत नाही. कोण काय घेतो, कुठून घेतो, काही माहीत नाही. तू हुशार आहेस. अक्षर कसं आहे?"

"चांगलं आहे."

"फार चांगलं हाय सेठ," दारातून श्रावण बोलला.

प्रफुल्लभाऊंनी ड्रॉवरमधून लांबट रजिस्टर काढलं. रकाने आधीच आखलेले. घरमालकाचं नाव. घरात माणसं किती. महिन्याचा किराणा कुठून. दुसरीकडं कधी जाता का. गाडी आहे की पायी येता. "घरोघरी जाऊन एवढं विचारायचं. घरामागे सात रुपये तुझे. संक्रांतीच्या आधी गावात कुपन."

आचलला वाटलं, हॉलमध्ये उभं राहून एक वाक्य बोललं तर गावाला कुपन येतं. मग शंभर वाक्यं बोलली तर काय काय येईल. ती रजिस्टर छातीशी धरून मार्टच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरली. मागून श्रावण म्हणाला, "हळू, पडशीन." पण त्याच्याही आवाजात काहीतरी फुललेलं होतं.

*

पुढचे बारा दिवस शाळा सुटली की आचल गावात फिरली. सकाळी धुकं इतकं असायचं की समोरच्या घराचा निळा झेंडा नुसता काठीनं कळायचा. संध्याकाळी चुलीच्या धुरानं तसंच व्हायचं. त्या धुरातून ती हाक मारायची, "काकू, कुपनाचं लिहाले आली." लोक खाट ओढून द्यायचे. कोणी भुईमुगाच्या शेंगा द्यायचं. कोणी आधार कार्ड काढून आणायचं, झेरॉक्ससकट. "नाई लागत काकू, हे सरकारी नाई," असं ती सांगायची, तरी बाया कार्ड तिच्या हातात देऊन म्हणायच्या, "पाह्यून त घे. मांगून म्हणशीन, नंबर चुकला."

अण्णाजींकडं मोठं गेट होतं. आत मोटरसायकल, एक जुनी जीप. वीस एकर ओलिताची शेती. अण्णाजी खुर्चीतून न उठता म्हणाले, "लिही. आमी काही तुह्या बापाच्या दुकानावर अवलंबून नाई. आमी वर्धेले जातो, मोठ्या दुकानात. मनात आलं त नागपूरले जातो."

आचलनं लिहिलं. दुसरीकडे जाता का: हो. गाडी: आहे.

देवकाबाईचं घर शेवटच्या ओळीत होतं. साठीची बाई, छायाच्या वेचणीच्या टोळीतली सगळ्यात जुनी. टोळीत नऊ बाया. छाया पुढं, देवकाबाई तिच्या शेजारी, असं बारा वर्षं चाललेलं. देवकाबाईचा उजवा अंगठा बोंडं काढून काढून बाहेरच्या बाजूला वळला होता. ती चुलीपुढं बसून त्याच अंगठ्यानं भाकर थापत होती.

"महिन्याचा किराणा कुठून घेता, आजी?"

"दाणेदारातून."

"दुसरीकडं कधी जाता का?"

देवकाबाईनं भाकर थांबवली. तिला प्रश्न जरा लागला. "दुसरीकडं कायले जाऊ? तुहा बाप तिथी कामाले असतानी मी दुसऱ्याच्या दारात जाईन? श्रावण माह्यं पोतडं आपल्या सायकलीवर घरपोच आणून देते. माणुसकी हाय का नाई? लिव. कुठीच जात नाई म्हणा. दुसऱ्यानं फुकट देल्लं तरी जात नाई."

"एवढं मोठं नाई मावत आजी."

"मावन तेवढं लिव. पन लिव."

आचलनं लिहिलं: कुठेच नाही. गाडी की पायी: पायी. आणि इतकं खरं, इतकं चांगलं बोलणारी बाई मालकाला कळावी म्हणून तिनं देवकाबाईच्या नावापुढं निळ्या पेनानं पाच पाकळ्यांचं फूल काढलं.

अशी फुलं तिनं त्या बारा दिवसांत बरीच काढली. टोळीतल्या विमलाबाईपुढं. आपल्या आईपुढं. जे जे म्हणाले की आम्ही इथलेच, आमचा श्रावण तिथं आहे, त्या सगळ्यांपुढं. एकशे अठरा घरं झाली. प्रफुल्लभाऊंनी रजिस्टर उघडलं, बोटानं रकाना उतरत गेले, आणि म्हणाले, "फुलं कशाची?"

"हे पक्के आहेत, सर."

"वा," ते म्हणाले. "हे तर मी सांगितलंही नव्हतं."

आठशे सव्वीस रुपये मिळाले. आचलनं स्टेशन रोडवरून लाल स्वेटर घेतलं. उरलेले आईला दिले.

*

मकर संक्रांतीच्या दोन दिवस आधी, वेचणीचा हप्ता झाला त्या दिवशी नऊ बाया एका ऑटोत बसून दाणेदारला निघाल्या. आचलही होती, नवं स्वेटर घालून, विमलाबाईच्या मांडीवर अर्धी. तीळ, गूळ, तेल, बेसन, अशी प्रत्येकीची यादी. ऑटोत सगळ्यांच्या हातांना सरकीचा वास होता आणि सगळ्या मोठ्यानं बोलत होत्या.

"पोरीनं काम केलं बापा," विमलाबाई म्हणाली. "आपल्या मेंबरनं पाच वर्सांत एक नाली नाई केली."

"येत्या खेपेले इलेक्शनले इलेच उभी करू."

"स्वेटर घालून."

आचल हसून हसून लाल झाली होती.

ज्योत्स्ना नावाची मुलगी काउंटरवर बसायची. देवकाबाईचं सामान मशीनवरून टिकटिक करत गेलं. "कुपन?" ज्योत्स्नानं विचारलं.

"आमचं लिवून नेलं हाय. श्रावणच्या पोरीनं."

ज्योत्स्नानं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. "तुमच्या नावानं नाही निघालं, आजी."

"देवकाबाई गोमा भगत. नीट पाह्य."

"नाहीच आहे."

"मंग छायाचं पाह्य. विमलाचं पाह्य. आमी एकाच टोईतल्या हावो."

नावं एकेक करून पाहिली. एकाही नावापुढं कुपन नव्हतं. मागं रांग वाढली. त्या रांगेत अण्णाजी होते. त्यांनी खिशातून हिरवं कुपन काढून ज्योत्स्नाला दाखवलं. श्रावणनंच ते तीन दिवसांपूर्वी त्यांच्या गेटातून आत टाकलं होतं. त्याला बंद पाकिटं दिली होती, वर नावं छापलेली. सदतीस पाकिटं. त्यानं ती सायकलवरून वाटली आणि आपल्या लोकांची उद्या येतील असं समजून चालला होता.

"सरका जरा बाई," अण्णाजी म्हणाले. "ज्याचं हाय त्याले घेऊ द्या."

श्रावण तेव्हा साखरेचं पोतं खांद्यावर घेऊन आतून आला. त्यानं काउंटर पाहिलं, देवकाबाई पाहिली, आणि पोत्यासकट तसाच मागं वळला. पन्नास किलोचं ओझं घेऊन माणूस उगाच परत फिरत नाही. आचलला ते दिसलं.

ती सरळ केबिनमध्ये गेली.

"सर, चूक झाली आहे. ज्यांच्यापुढं फुलं होती त्यांनाच नाही मिळालं."

प्रफुल्लभाऊ फोनवर होते. त्यांनी बोट दाखवून तिला थांबवलं, फोन ठेवला, खुर्ची दाखवली. या वेळी आचल उभी राहिली.

"चूक नाही झाली. तू फार व्यवस्थित लिहून आणलंस. हे बघ. कुपन म्हणजे काय? बोलावणं. जो येतच नाही त्याला बोलवावं लागतं. अण्णाजी वर्धेला जातात, त्यांना इकडं ओढायला मला एकोणीस रुपये सोडावे लागतात. देवकाबाई काय म्हणाली तुला?"

"कुठेच जात नाही."

"मग जी येणारच आहे तिला बोलवायला मी पैसे का घालू?" ते शांतपणे, समजावून सांगत होते. गणिताच्या सरांसारखे. "यात वाईट काही नाही. ती एकशे साठ आधीही देत होती. तिचं काय गेलं?"



"ती खरं बोलली," एवढंच ती म्हणाली.

"म्हणून तर रजिस्टर कामाचं झालं." त्यांनी ड्रॉवर उघडला. दोन नवी रजिस्टरं काढली आणि वर एक पिवळं कार्ड ठेवलं. "आता शेजारची दोन गावं. घरामागं दहा देतो. आणि हे स्टाफ कार्ड, तुमच्या घराला. प्रत्येक बिलावर सूट, कायमची. श्रावणच्या खांद्याचं पण कानावर आलं आहे. हे काम झालं की त्याला गोदामातून काढतो. दारावर बसवतो, पिशव्या तपासायला. खुर्चीवर."

*

आचल रजिस्टरं आणि कार्ड घेऊन बाहेर आली तेव्हा छायाचं बिल व्हायचं होतं. प्रफुल्लभाऊंनी केबिनमधूनच ज्योत्स्नाला आवाज दिला, "श्रावणच्या घरचं बिल स्टाफ कार्डावर कर." सगळ्यांना ऐकू गेलं.

छायानं एकदा मागं पाहिलं. आठ बाया आपापल्या पिशव्या धरून उभ्या. आचलला वाटलं, आई नको म्हणेल. आई नको म्हणाली नाही. तिनं आचलच्या हातातलं कार्ड घेऊन पुढं केलं. बिल अठ्ठ्याहत्तर रुपयांनी कमी झालं. अठ्ठ्याहत्तर म्हणजे जवळजवळ आठ किलो कापूस वेचणं, वाकून, अर्धा दिवस. छायाच्या कमरेला तो हिशेब तोंडपाठ होता.

परतताना ऑटोत बाया छायापासून अंग चोरून बसल्या. गावाच्या वेशीवर विमलाबाई उतरली आणि पिशवी काढता काढता म्हणाली, "छायाबाईच्या घरी कॉर्टर आलं म्हणा ना."



*

श्रावण त्या संध्याकाळी शीळ वाजवत घरी आला. आचलनं आयुष्यात पहिल्यांदा बापाची शीळ ऐकली. "खुर्ची," तो म्हणाला. "पंख्याखाली. सेठनं मले सोताच्या तोंडानं सांगतलं." त्यानं गाठीवरून हात फिरवला. "दोन मयन्यात बसन थे. डॉक्टर मांगंच बोल्ला होता, वजन सोडलं त बसन."

आचलनं नवी रजिस्टरं दप्तराखाली सरकवली. त्या फुलांचं काय झालं ते सांगायचं तोंडापर्यंत आलं होतं. बापाचा हात गाठीवर होता, म्हणून ती भांडी घासायला उठली.

रविवारी ती आईसोबत शेतात गेली. फरदडीचा, म्हणजे मुख्य हंगाम संपल्यावरचा कापूस. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, वाळून काळी पडलेली, बोंडं लहान, दवानं कापूस ओला. बायांनी साडीवर पुरुषांचे जुने शर्ट चढवलेले, कमरेला ओटी बांधलेली. छाया नेहमीसारखी पहिल्या तासाला लागली. तास म्हणजे झाडांची एक ओळ. देवकाबाई तिच्या शेजारचं तास धरायची, ते रिकामं राहिलं. ती चौथ्याला जाऊन लागली. बाकीच्या तिच्या पलीकडं. मधली रिकामी तासं तशीच उभी, पांढरी.

छायानं रिकामं तासही स्वतःच्या तासासोबत घेतलं. एक हात इकडं, एक हात तिकडं. वेगात वेचत गेली आणि थोड्या वेळानं तिच्या बोटातून रक्त आलं. ते कापसाला लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात धरलं.

आचल पाण्याची कॅन घेऊन चौथ्या तासाकडं गेली. देवकाबाईनं तांब्या घेतला, वरून प्यायली.

"पोरी, माह्यं नाव लिवलं होतं ना तुनं?"

"लिवलं होतं, आजी."

"मले वाटलंच. तू सोडनारी नाई." तिनं तोंड पुसलं. "मंग माह्याच कागदात कायी कमी असन. मी शुक्रवारी गेलती पायी पायी. रेशन कार्ड नेलं, आधार नेलं, बँकेचं पासबुक नेलं. म्हटलं पाह्यून घ्या, काय लागते थे सांगा. दारावरचा पोट्टा म्हणे, आजी हे तहसील नोय. बाहीर काढलं मले."

आचलनं कॅनचं झाकण लावलं.

"अंगठ्याचा ठसा नसन उमटला," देवकाबाई म्हणाली आणि वाकडा अंगठा उन्हात धरून पाहू लागली. "रेशनलेही आजकाल उमटत नाई. झिजला. तू त्या सेठले विचारजो बरं, अंगठ्यानं अटकलं असन त मी दुसरं बोट देतो. तुले त मोठं बोलता येते तिथी."

"अंगठा नव्हता लागत, आजी."

"मंग काय लागत होतं?"

आचलच्या तोंडाशी उत्तर होतं. लहानसं. खोटं बोलणं लागत होतं, आजी. पण हे आता बोललं तर टोळी उद्याच दुसरं दुकान धरेल, टोळीमागून वस्ती जाईल, आणि ज्याच्या नावानं हे लोक येत होते तो श्रावण गोदामातसुद्धा राहणार नाही, खुर्ची तर दूरच. तिनं पऱ्हाटीकडं पाहिलं. दुसऱ्या तासात आई बोट तोंडात धरून एका हातानं वेचत होती.

"विचारून सांगतो," आचल म्हणाली.

"विचारजो," देवकाबाई म्हणाली आणि परत वाकली. तिला अजिबात शंका आली नाही. तेच आचलला सहन झालं नाही.

*

सोमवारी सकाळी धुकं दारातून आत येत होतं. छाया डबा बांधत होती. श्रावणनं आज आरशापुढं उभं राहून भांग पाडला होता. रजिस्टर कधी भरून होणार ते सेठनं विचारलं होतं, आणि त्याला आज सांगायचं होतं.

"किती दिवस लागतीन आचल? पंधरा म्हणू का?"

आचलनं दप्तराखालून दोन्ही रजिस्टरं काढली. कोरी होती. ती तिनं बापाच्या सायकलच्या हँडलला लटकलेल्या पिशवीत घातली. वर पिवळं कार्ड ठेवलं. मग अंगातलं लाल स्वेटर काढून घडी केली आणि खुंटीवरचा बापाचा जुना शर्ट घेऊन घातला. बाह्या हाताच्या पुढं आल्या. ती त्या दुमडत राहिली.

"हे काय करून राह्यली?" छायानं विचारलं.

"शाया नाई का आज?" श्रावणनं विचारलं. मग पिशवीत पाहिलं. कार्ड पाहिलं. त्याचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. "पोरी, खुर्ची हाय त्याच्यावर."

"मले माहीत हाय बाबा." तिचा आवाज हॉलमधल्यासारखा नव्हता. अगदी जवळच्या माणसापुरता होता, पण तो थांबला नाही. "मी आज शायेत जात नाई. मायच्या संग वेचाले चालली. ते मधातलं रिकामं तास मी धरतो, म्हणजे देवकाआजी माह्या बाजूले येते. आन् वेचता वेचता सगळ्याइले सांगतो, त्या वहीत मी काय लिवलं होतं, फुलं कायले काढली होती, आन् कुपन कोणाले काऊन भेटलं. दुसरं कोणी सांगाच्या आंधी, माह्या तोंडानं सांगतो."